साळावकरबाई आणि त्यांचे श्रोते

साळावकरबाईंचा कार्यक्रम कसा वाटला हे त्यांना सांगणं मोठं अवघड काम होतं. एरवी पनवेलमध्ये कुठलाही कार्यक्रम संपला की "छान झाला" म्हणून माणसाला चपला शोधायला मोकळं होता येतं. बाई हात धरायच्या.

"छान म्हणजे काय? भजी छान असतात. तू काय ऐकलंस ते सांग."

मग माणूस अडकायचा. कारण त्यानं बहुतेक काहीच ऐकलेलं नसायचं. आणि ऐकलेलं असलं तरी ‘चिखल’ असं उत्तर चारचौघांत कसं द्यायचं?

बाईंचं पूर्ण नाव एस्तेर साळावकर. आमच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. मलाही शिकवला, आणि त्यात त्यांचा दोष नाही, पण मतलई वारे कुठून कुठे वाहतात ते मला अजून सांगता येत नाही. पुढे मी त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायला गेलो आणि गावातल्या वाचनालयाचा सहकार्यवाह झालो. सहकार्यवाह म्हणजे कार्यक्रमाआधी खुर्च्या मांडणारा आणि कार्यक्रमानंतर आभार मानणारा. त्यामुळे बाईंचे जवळजवळ सगळे कार्यक्रम मी पहिल्या खुर्चीपासून शेवटच्या आभारापर्यंत पाहिले.

इमारतीत नव्यानं आलेले लोक बाईंना ख्रिश्चन समजत, काही पारशी समजत. त्या ज्यू आहेत असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असे, "अय्या, मग मराठी कुठे शिकलात?"

"माझ्या आजीकडून," बाई म्हणत. "तिची मराठी ऐकली असतीत तर तुम्ही परत पहिलीत जाऊन बसला असतात."

शनिवार हा त्यांच्या धर्मात विश्रांतीचा दिवस, सूर्य मावळेपर्यंत बाई कशाला हात लावत नसत. आमच्या समितीला शनिवार संध्याकाळ फार सोयीची. शेवटी सूर्य मावळल्यावर कार्यक्रम सुरू करायचा अशी तडजोड झाली. आमच्या एका माजी नगरसेवकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाईंना साडेसाती चालू आहे का हो?" मी हो म्हणून टाकलं. ते सोपं होतं.

निवृत्तीनंतर बाया भिशी लावतात, भजनाला जातात. बाई एका शिबिराला गेल्या. मुंबईच्या कुठल्याशा कलासंस्थेनं खाडीकाठी ‘ध्वनिशिबिर’ भरवलं होतं आणि सुगम संगीताचं असेल असं समजून आमच्या गावची बरीच मंडळी तिथे नटून गेली होती. तिथल्या तरुणानं सगळ्यांना डोळे मिटून खारफुटीजवळ उभं केलं आणि म्हणाला, ऐका. थोड्या वेळानं लोकांनी डोळे उघडले, एकमेकांकडे पाहिलं आणि ते वडापावच्या गाडीकडे निघाले. बाई उभ्याच राहिल्या. परत आल्यावर मला जिन्यात भेटल्या तेव्हा साडीच्या काठाला चिखल होता.

"जन्मभर मी पोरांना खाडी फळ्यावर काढून दाखवली," त्या म्हणाल्या. "ऐकवली कधीच नाही. आता ऐकवते."

हे मला धमकीसारखं वाटलं, आणि तसंच निघालं.

त्यांनी आवाज टिपायचं यंत्र घेतलं. वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून त्याच्या मायक्रोफोनला करड्या केसांचं आवरण होतं. ते खांद्याच्या पिशवीतून डोकावायचं. आमच्या वॉचमनची खात्री होती की बाईंनी मांजर पाळलंय आणि सोसायटीच्या नियमामुळे लपवून नेतात. रस्त्यात बोलता बोलता बाई एकदम बोट वर करायच्या. समोरच्यानं वाक्य तिथेच सोडायचं. कधी एखादा कावळा असायचा, कधी दुकानाचं शटर, कधी काहीच नसायचं. मग बोट खाली. "हं, काय म्हणत होतास?" काय म्हणत होतो ते तोवर विसरायला झालेलं असायचं, आणि आठवलं तरी सांगण्यासारखं वाटत नसे.

पहिला कार्यक्रम आमच्या वाचनालयाच्या सभागृहात झाला. ‘खाडीची सकाळ: ध्वनिकलेचा एक अनुभव’. बॅनरवाल्यानं ‘ध्वनिकला’ हा शब्द जन्मात ऐकला नव्हता, त्यानं आपल्या बुद्धीनं दुरुस्ती करून ‘ध्यानकला’ छापलं. त्यामुळे योगवर्गाच्या सगळ्या बायका पांढरे कपडे घालून चटयांसकट हजर झाल्या. सभागृह भरलं. समितीला एवढी गर्दी पाहून भरून आलं.

दीपप्रज्वलन झालं. माजी नगरसेवकांना शाल दिली, त्यांनी ध्वनिप्रदूषणावर माइक हातात घट्ट धरून बराच वेळ भाषण केलं. मग दिवे मंद झाले आणि खाडी सुरू झाली. ओहोटीचा चिखल बुडबुडत होता. एखादा खेकडा बिळातून बाहेर येताना टक् वाजायचं. लांबून डंपर गेला. एक पक्षी ओरडला. पुन्हा चिखल.

थोड्या वेळात आमचा साउंडवाला पप्पू वाकून वाकून आला आणि वायर हलवून गेला. पुन्हा चिखल. पप्पू पुन्हा आला, त्यानं या वेळी स्पीकरला थाप मारली. तिसऱ्यांदा आला तेव्हा बाईंनी त्याला शेजारच्या खुर्चीवर बसवून घेतलं.

"मॅडम, खरखर येतेय."

"खरखर नाही, खेकडा आहे."

पप्पूनं स्पीकरकडे असं पाहिलं, की आता तो उघडून आतला खेकडा काढणार.

कार्यक्रम संपल्यावर टाळ्या झाल्या नाहीत, कारण संपला हे कुणाला कळलं नाही. मग बाईंनी दिवे लावायला सांगितले आणि एकेकाला विचारायला सुरुवात केली. एक गृहस्थ म्हणाले, अतिशय श्रवणीय, फक्त खाली तानपुरा असता तर. एका बाईंनी विचारलं, गाणं कधी सुरू होणार. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले एक इंजिनिअर उभे राहिले आणि म्हणाले, "याचा उपयोग काय?"

"खाडीचा की माझा?" बाईंनी विचारलं. ते बसले.

शेवटच्या रांगेतल्या, चटई घेऊन आलेल्या एक बाई संकोचून म्हणाल्या, "खरं सांगू का? मला झोप लागली हो."

"कधी लागली?"

"तो पक्षी ओरडला ना, त्याच्यानंतर."

"म्हणजे पक्ष्यापर्यंत ऐकलंत," बाई खुलल्या. "इथे बाकी कुणी तेवढंही ऐकलेलं नाही."

त्या रात्री समितीच्या ग्रुपवर ‘एक स्तुत्य व आगळावेगळा उपक्रम’ असा मजकूर पडला. बाईंना मी तो दाखवला नाही.

बाळारामशेठ त्या दिवशी सभागृहात होता. बेलपाड्याच्या बाजूला त्याच्या इमारती उभ्या राहत होत्या. मूळचा तळखार नावाच्या गावातला. पूर्वी घरची भातशेती आणि मिठागर. तळखार मोठ्या प्रकल्पासाठी उठवलं गेलं, लोकांना नवी वसाहत मिळाली, आणि शेठ बांधकामात पडला. गळ्यात साखळ्या, कपाळाला गॉगल, पण बाईंसमोर आला की शाळेतल्यासारखा हात मागे बांधून उभा राहायचा. तोही त्यांचाच विद्यार्थी.

"बाय, आमाला बगल्यांची रेकार्ड पायजे," तो म्हणाला. "सँपल फ्लॅटमधी लावाला. गिऱ्हाईक गॅलरीन उबा राहील, खाडी बगल, नि बगले बोलतील. काय?"

मला वाटलं बाई त्याला हाकलतील. बाई म्हणाल्या, "देते. पण तुझ्या गॅलरीतूनच रेकॉर्ड करीन. खोटं नको."

शेठ खूश. बाई त्याच्या अर्धवट इमारतीच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसल्या आणि यंत्र सुरू केलं. पुढच्या रविवारी सँपल फ्लॅटमध्ये गिऱ्हाइकं आली. सरबत झालं, पडदा सरकला, खाडी दिसली आणि आवाज सुरू झाला. पहिल्यांदा खरोखरच बगळे होते. मग शेजारच्या प्लॉटवरचं खांब ठोकायचं यंत्र सुरू झालं. ठाण्, ठाण्, ठाण्. अधूनमधून बगळा काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता.

ठाण्याहून आलेल्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, "हा आवाज रोजचा आहे का?"

"रोजचा," बाई म्हणाल्या. त्या सरबत पीत कोपऱ्यात बसल्या होत्या.

शेठ त्यांच्याजवळ येऊन कुजबुजला, "बाय, त्या मशीनचा आवाज तेवढा काडून टाका ना."

"तू मशीन काढ, मी आवाज काढते."

शेठचं पाणी इथे कळलं. तो रागावला नाही. पोट धरून हसला आणि सगळ्या गिऱ्हाइकांना म्हणाला, "ह्या आमच्या बाय. भूगोल शिकवाच्या. आमी नापास झालो म्हणून बिल्डर झालो." फ्लॅट विकले गेलेच. पुढे तिथे राहायला आलेले लोक बाईंना रस्त्यात नमस्कार करत, त्या मशीनबद्दल आगाऊ सांगणारी एवढीच बाई होती म्हणून.

बाईंची कीर्ती मग शिबिरवाल्या मुंबईच्या कलासंस्थेपर्यंत गेली. तिला परदेशातून निधी मिळाला होता आणि निधीबरोबर एक अट: श्रोत्यांचा प्रतिसाद गोळा करायचा. त्यासाठी ईशा नावाची एक उत्साही मुलगी आली. तिच्याजवळ हसरे, मध्यम आणि रडके चेहरे छापलेली कार्डं होती. ऐकणाऱ्यानं एका चेहऱ्यावर टिकली चिकटवायची. ईशा प्रत्येक वाक्यात ‘समुदाय’ म्हणायची. बाईंनी तिला एकदा विचारलं, "समुदाय म्हणजे कोण गं? मी त्यात आहे की बाहेर?" ईशानं ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

पहिला प्रयोग उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावर ठरला. लाँचची वाट बघणारे लोक रिकामे असतात, ते ऐकतील, असा हिशेब. सावलीत टेबल मांडलं, त्यावर हेडफोन. मी नेहमीप्रमाणे खुर्च्या मांडल्या.

पहिली एक मासळीवाली मावशी आली. टोपली खाली ठेवून तिनं हेडफोन लावला, थोडं ऐकलं आणि विचारलं, "ह्यानं काय कलतं?"

"तुम्हाला काय ऐकू येतंय मावशी?" ईशानं मोठ्यानं विचारलं.

"पानी."

"दोन्ही कानांनी?" बाजूला उभ्या असलेल्या एका माणसानं विचारलं, आणि तिथून सगळं फिरलं. धक्क्यावर बातमी गेली की कान तपासायला लोक आलेत. बघता बघता रांग लागली. म्हातारे, म्हाताऱ्या, कारखान्यात कानांचं वाटोळं झालेले कामगार. एक सून सासऱ्याला हाताला धरून घेऊन आली. "यांना डाव्या कानानं बिलकुल नाय आयकू येत. मशीन फुकट मिलंल कं?"

ईशाचा चेहरा मध्यम झाला. ती समजावून सांगू लागली, की हा एक कलानुभव आहे, यात उपचार नाहीत. रांग हलली नाही. एक आजोबा म्हणाले, "अनुभव घेतो ना, पण आदी तपासा."

बाईंनी पदर खोचला आणि खुर्ची ओढली. एकेकाला हेडफोन लावून त्या विचारायला लागल्या: काय ऐकू आलं, आता काय, लांबचं काय, जवळचं काय. लोकांनी जीव ओतून ऐकलं. मशीन मिळेल या आशेनं एवढं मन लावून खाडी त्यांनी खाडीकाठी राहून कधी ऐकली नव्हती. लाँच सुटली तरी काही जण थांबले. ज्यांना खरंच ऐकू येत नव्हतं त्यांना बाईंनी उरणच्या दवाखान्यात कुठल्या दारानं जायचं ते सांगितलं. संध्याकाळी ईशाची कार्डं भरली होती. सगळ्यांनी हसऱ्या चेहऱ्यावर टिकली लावली होती. रडक्यावर लावली तर नंबर जाईल, असं कुणीतरी रांगेत सांगितलं होतं म्हणे.

"जबरदस्त प्रतिसाद आहे, बाई," ईशा म्हणाली.

"प्रतिसाद कसला, अर्ज आहेत हे," बाई म्हणाल्या.

आणि मग तळखार.

यंत्र नवं असतानाच, गाव उठायच्या आधीच्या शेवटच्या हिवाळ्यात, बाई तिथे जाऊन सकाळ टिपून आल्या होत्या. नव्या वसाहतीतल्या समाजमंदिरात ती ऐकवायची, असं बाळारामशेठनं ठरवलं. रविवारी सकाळी मी खुर्च्या मांडायला गेलो तर शेठनं लग्नाच्या वरातीतली डीजेची भिंतच आणून उभी केली होती.

"आपल्या गावाचा आवाज हाय," तो म्हणाला. "बारीक कशाला?"

बाईंनी कपाळाला हात लावला, पण तोवर गाव जमलं होतं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, ईशा कार्डं घेऊन मधोमध. गलका एवढा, की शेठनं दोनदा शिट्टी वाजवली. मग सुरू झालं. पहिला कोंबडा आरवला, त्यासरशी पहिली रांग खुर्च्यांसकट मागे सरकली.

"धर्माचा कोंबरा हाय तो!" एक जण ओरडला.

"धर्माचा कसला, आमचा हाय! धर्माचा बसका होता."

पाच-सहा जण त्यावरून उठले. हातपंप वाजला, तर लोकांनी पंपाचा दांडा कोण मारतंय त्यावर वाद घातला. एक म्हैस रेकली आणि मागच्या बाजूला एक म्हातारा चक्क तिचं नाव घेऊन हाक मारून बसला. बाई उभ्या राहून हे पाहत होत्या. जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणाला विचारावं लागत नव्हतं, काय ऐकलंस म्हणून.

तेवढ्यात त्या डीजेच्या भिंतीतून एक बाईचा आवाज फुटला.

"अगं ए गौरे! तुज्या मोरीचा पानी माज्या दारान सोडतंस, तुजे डोले फुटले कं?"

उठलेले खाली बसले. ती बाळारामशेठची आई होती, सोनाबाय. नव्या घरात आल्यावर ती वर्षभरही जगली नव्हती. शेठ डीजेच्या खोक्यावर बसून होता. त्यानं कपाळावरचा गॉगल काढून हातात घेतला. सोनाबायच्या शिव्या मोरीवरून गौराच्या माहेरापर्यंत गेल्या. डीजेवाला पोट आवळून हसत होता.

"कमी कर जरा," शेठ त्याला म्हणाला. "आय एवरी मोट्यानं नव्हती बोलत."

"बोलाची!" बायकांच्या बाजूनं आवाज आला. "एवऱ्याच मोट्यानं बोलाची!"

ती गौराबाय होती. सत्तरीची, बुटकी, नाकात नथ. ती उठून थेट बाईंसमोर आली.

"माजा उत्तर कुटं हाय?"

सोनाबायनंतर पुन्हा फक्त पंप वाजत होता.

"ते नाही माझ्याकडे," बाई म्हणाल्या. "मी तोवर पंपाकडे निघून गेले होते."

"म्हंजी तिचा आयकला नि माजा नाय आयकला?"

"नाही ऐकला."

"मंग आता आयक."

गौराबायनं पदर कमरेला खोचला, डीजेच्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिली आणि सोनाबायला उत्तर दिलं. मोरी कुणी आधी बांधली, पागोळ्यांचं पाणी कुणाच्या अंगणात पडायचं, सोनाबायच्या कोंबड्यांनी वालाचे वाफे कसे उकरले, सगळं. गाव दोन्ही बाजूंनी तुटून पडलं. सोनाबायच्या बाजूचे ओरडले, "परत लावा! परत लावा!" परत लावलं. सोनाबाय परत बोलली, गौराबायनं परत उत्तर दिलं, या वेळी आधीपेक्षा बांधून. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा सोनाबाय बोलत असताना गौराबाय उभी राहून नुसती ऐकत होती. तिची पाळी आली आणि ती बोललीच नाही. पंप वाजत राहिला.

"आता गटार जमिनीखालून जातं," ती कुणाला तरी सांगावं तसं म्हणाली. "माजा पानी कुनाच्या दारान जात नाय. कुनाशी भांडू?"

शेठ खोक्यावरून उठला. त्यानं गौराबायला खुर्ची दिली, मग तिच्याच पायाशी जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. तिनं त्याच्या डोक्यात एक टपली मारली. "आयशीवर गेलायस. रडनं पन मोट्यानं."

ईशा हळूच पुढे आली. तिचेही डोळे ओले होते, पण निधीची अट होती. तिनं गौराबायला कार्ड दिलं. गौराबायनं तिन्ही चेहरे निरखले.

"यातला कोन मी?"

ते कार्ड तसंच कोरं परत गेलं. संस्थेच्या अहवालात त्या कार्यक्रमाबद्दल ‘तांत्रिक अडचणींमुळे प्रतिसाद नोंदवता आला नाही’ असं छापून आलं. बाईंनी ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं आणि एवढ्या हसल्या, की वरच्या मजल्यावरचे लोक बाहेर आले.

त्यानंतर बाईंनी कार्यक्रम केला नाही. आमच्या समितीनं पुष्कळ मागे लागून पाहिलं. आता तर लोकांना सवय झाली होती, बॅनरवालाही शब्द बरोबर छापायला शिकला होता. बाई म्हणायच्या, "बघू." संध्याकाळी रिक्षा करून कुठेतरी जायच्या. पावसाळ्याआधी त्या जिन्यात पडल्या, पायाला मार लागला, आणि इस्रायलमध्ये असलेल्या त्यांच्या लेकीनं निर्णयच घेऊन टाकला. आता बाई तिकडे असतात. फोनवर विचारतात, काय ऐकलंस. मी सांगतो.

त्या पडायच्या आधीची गोष्ट. समितीनं बाईंचा सत्कार ठरवला होता, शाल-श्रीफळ, मानपत्र, सगळं. निरोप द्यायला मी घरी गेलो तर दाराला कुलूप. वॉचमन म्हणाला, वसाहतीत गेल्या असतील. मी रिक्षानं तिकडे गेलो.

गौराबायच्या घराच्या पायरीवर दोघी बसल्या होत्या. मधे ताट झाकलेलं. बाईंच्या खांद्याला पिशवी नव्हती, आसपासही कुठे यंत्र दिसेना. मी फाटकाशी पोचतोय तोच गौराबायचा आवाज आला.

"कोलंबी नाय खात, चिंबोरी नाय खात, जवला नाय खात! खाडीच्या कडंला जलमलीस नि खातंस काय? तुजा देव तरी कसला!"

"माझ्या देवाचं नाव घेऊ नका, सांगून ठेवते!" बाईंनी वर्गातला ठेवणीतला आवाज काढला. "खवलेवाला मासा आणा, मग बघा खाते की नाही! मघापासून सांगतेय, तुम्हाला ऐकायला येत नाही?"

"मला आयकाला येत नाय? मला?"

समोरच्या घरातली एक बाई दारात येऊन उभी राहिली. आणखी एक आली. मी मानपत्राचा मसुदा हातात घेऊन पुढे झालो आणि म्हणालो, "बाई, जरा—"

बाईंनी माझ्याकडे न बघता बोट वर केलं. गौराबायनं ताटावरचं झाकण बाजूला आपटलं, पदर खोचला आणि नव्यानं सुरुवात केली.